पेढी मुंबईत, हिशेब भिवंडीत

आमची पेढी मुंबईत, लूम भिवंडीत. पूर्वी ग्रे कापडाच्या ताग्यांचा हिशेब पेन ड्राइव्हवरून ने-आण होई. दोन ठिकाणी दोन आकडे निघत आणि उधारीवरून वाद होत. आता विंडोजच्या ‘रिमोट डेस्कटॉप’ने भिवंडीत बसून पेढीवरचेच टॅली उघडतो. खातेवही जागची हलत नाही. इकडे पडद्याचे चित्र येते, तिकडे कळ दाबल्याची खबर जाते. बेताचे इंटरनेटही पुरते.

व्यापारी बांधवांनी ध्यानात ठेवावे, ज्या संगणकात शिरायचे त्यात विंडोजची ‘प्रो’ आवृत्ती हवी, ‘होम’ चालत नाही. मला हे खरेदीनंतर कळले! मी शिरलो की मुनीमजींचा पडदा कुलूपबंद होतो, म्हणून त्यांच्या जेवणाची वेळ ठरवून घेतली आहे. जोडणी व्हीपीएनमधूनच करावी. ३३८९ क्रमांकाचे दार उघडे टाकू नये.

खरी भीती निराळीच. ‘बँकेतून बोलतो, एनीडेस्क टाका, नऊ आकडी क्रमांक सांगा’ असा फोन येतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना याबाबत सावध केले होते. तरी आमच्या मुनीमजींनी क्रमांक सांगून टाकला. नशिबाने मी पेढीवरच होतो. परवानगीचे बटण दाबले जाण्याआधी इंटरनेटची वायरच उपटली.