घरी बांधा स्पेक्ट्रम

ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा 1982 चा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ संगणक आज घरी नव्याने बांधता येतो. 3.5 मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-80 प्रोसेसर जुन्या साठ्यातून अजून मिळतो. खरी मेख यूएलए चिपची. पडद्यावरचं चित्र, कीबोर्ड, आवाज सगळं सांभाळणारी ही चिप फेरांटी कंपनी खास सिंक्लेअरसाठी बनवायची. आता ती बनत नाही. ख्रिस स्मिथ यांनी तिचं अंतरंग उलगडलं. स्पेक्ट्रमची नक्कल असलेल्या त्यांच्या ‘हार्लेक्विन’ बोर्डावर तेच काम साध्या लॉजिक चिप करतात.

मूळ 48 केबी यंत्रात काटकसर म्हणून अर्ध्या सदोष मेमरी चिप घेऊन त्यांचा चांगला अर्धा भाग वापरला होता! नकलेत ही कसरत नको, सरळ स्टॅटिक रॅम बसवा.

भारतात डेसिबेल्स कंपनीने परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकला होता. तो माळ्यावर सापडलाच, तर सुट्या भागांसाठी मोडू नका, दुरुस्त करा.