पदवीनंतरची शाळा

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं वगळून बाकी महाराष्ट्राला बांधकामाची एकच नियमावली लागू केली. यूडीसीपीआर या नावानेच तिला आता सगळे ओळखतात. तोवर पुण्याचे नियम वेगळे, नाशिकचे वेगळे, कोल्हापूरचे वेगळे आणि लहान नगरपालिकांचे आणखी निराळे. एकाच गावात तीस वर्षं काम केलेल्या आर्किटेक्टला आपल्या गावची नियमावली तोंडपाठ असे. बाल्कनी किती चालते, जिना मोजायचा की वगळायचा, बाजूचं मार्जिन किती, हे त्याला पुस्तक उघडून पाहावं लागत नसे. एका अधिसूचनेने ते सगळं पाठांतर मोडीत निघालं. जिना, लिफ्ट, बाल्कनी सगळं 'पी-लाइन'च्या, म्हणजे इमारतीच्या बाह्यरेषेच्या, आत घेऊन मोजायचं ठरलं आणि त्याच्या बदल्यात अधिमूल्य भरून निवासी इमारतीला साठ टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी एफएसआय, म्हणजे जादा बांधकाम-क्षेत्र, मिळू लागला. पासष्टीचा ज्येष्ठ आणि कालच पास झालेली मुलगी, दोघं एकाच बाकावर येऊन बसले.

त्यांना हा नवा हिशेब शिकवला कुणी? कॉलेजने नाही, कारण कॉलेजचा आणि या दोघांचा संबंध केव्हाच संपलेला होता. शिकवलं त्यांच्याच व्यवसायातल्या इतरांनी. करोनाचे दिवस होते, त्यामुळे गावोगावच्या आर्किटेक्ट-इंजिनिअर संघटनांनी झूमवर वर्ग भरवले. कुणी मार्जिनचे तक्ते केले, कुणी एफएसआयची एक्सेल शीट बनवून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातली चूक तिसऱ्याच गावच्या कुणीतरी दाखवून दिली. आर्किटेक्चरची पदवी पाच वर्षांची, पण या धंद्यातलं खरं शिक्षण त्यानंतर, एकमेकांकडूनच होतं. त्या शिक्षणाला ना अभ्यासक्रम, ना हजेरीपट, पण वय मात्र शंभरीच्या पुढे गेलेलं आहे.

१२ मे १९१७ रोजी मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून आर्किटेक्चर शिकून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांनी 'आर्किटेक्चरल स्टुडन्ट्स असोसिएशन' स्थापन केली. जे. जे.मध्ये १८९६ साली सुरू झाले होते ते ड्राफ्ट्समनचे वर्ग, म्हणजे साहेबाच्या हाताखाली नकाशे काढणारी माणसं तयार करण्याची सोय. त्याच परंपरेतून आलेल्या मुलांना आता स्वतः आर्किटेक्ट म्हणून उभं राहायचं होतं. पहिले अध्यक्ष झाले जॉर्ज विटेट, मुंबई सरकारचे सल्लागार आर्किटेक्ट. गेटवे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम ज्यांच्या आराखड्यावर उभे आहेत तेच. १९२२ मध्ये संस्थेचं नाव 'बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन' झालं, १९२५ मध्ये ती लंडनच्या आरआयबीएशी, म्हणजे ब्रिटिश आर्किटेक्टांच्या रॉयल इन्स्टिट्यूटशी जोडली गेली आणि १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' म्हणून देशभराची झाली. आयआयए ती हीच. देशातली आर्किटेक्टांची सर्वांत मोठी संघटना माजी विद्यार्थ्यांच्या मंडळातून उगवली, ही गोष्ट तिच्या आजच्या पदाधिकाऱ्यांनी अधूनमधून आठवायला हरकत नाही.

त्या काळातला खरा मास्तर मात्र क्लॉड बॅटली. इप्सविचचा हा माणूस १९१३ च्या सुमारास मुंबईत आला, १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षं जे. जे.च्या आर्किटेक्चर विभागाचा प्रमुख राहिला, आयआयएच्या पूर्वावतारात अध्यक्षही झाला आणि शेवटपर्यंत इथेच राहिला. त्याची फर्म 'ग्रेगसन, बॅटली अँड किंग' मोठी होती, मुंबई सेंट्रल स्टेशन तिचंच. पण बॅटलीची मोठी कामगिरी इमारतींपेक्षा एका सवयीत आहे. तो विद्यार्थ्यांना जुन्या वास्तू प्रत्यक्ष मोजायला लावी. टेप घेऊन जायचं, खांबाचा घेर, कमानीची उंची, जाळीचं एकेक घर मोजायचं आणि कागदावर मापात उतरवायचं. पायरी किती उंच असली की दमायला होत नाही, हे पुस्तकात वाचून कळतं त्यापेक्षा गुडघ्यावर बसून ती पायरी मोजली की पक्कं कळतं. त्याच काळात जे. जे.त शिकलेले आचऱ्याचे अच्युत कानविंदे पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअसकडे शिकायला गेले आणि परतल्यावर त्यांनी कानपूरच्या आयआयटीचा परिसर घडवला. आधुनिक काँक्रीटची भाषा आत्मसात केलेल्या त्या पिढीचा पाया मोजमापाचा होता. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या 'नासा' या १९५७ पासूनच्या देशव्यापी संघटनेत आजही लुई कान ट्रॉफीसाठी मुलं एखादं गाव किंवा वाडा असाच मोजून काढतात. दुर्दैव एवढंच की पदवी हातात पडली की तो टेप केवळ साइटवरच्या वादांपुरता उरतो.

आयआयएने १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं. सजवलेल्या खोल्या, नव्या पद्धतीचं स्वयंपाकघर, न्हाणीघर, फर्निचर. पाहायला लाखाच्या आसपास लोक आले. ओव्हलसमोर आर्ट डेको इमारती उभ्या राहत होत्या, गजानन बाबुराव म्हात्र्यांसारखे मराठी आर्किटेक्ट त्यात आघाडीवर होते आणि फ्लॅट नावाच्या प्रकाराची मध्यमवर्गाला नुकती ओळख होत होती. आपण काय करतो हे लोकांना समजावून सांगणं हाही व्यवसायाचा भाग आहे, हे त्या मंडळींना उमगलं होतं. आजची प्रदर्शनं टाइल्स, नळ आणि मॉड्युलर किचनच्या कंपन्यांची असतात. आर्किटेक्ट तिथे पाहुणा म्हणून फीत कापायला येतो.

आर्किटेक्ट या उपाधीला कायद्याचं संरक्षण मिळालं ते १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टने. हा कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्यांत पिलू मोदी होते, खासदार आणि स्वतः आर्किटेक्ट. कायद्याने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर स्थापन झाली, नोंदणी सुरू झाली. नावापुढे 'सीए', मग वर्ष, मग आकडा असा तो क्रमांक. मात्र मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कायद्याचं कलम ३७ फक्त उपाधी राखून ठेवतं, काम नाही. नोंदणी नसलेल्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही. घराचा आराखडा करायला मात्र त्याला हे कलम आडवं येत नाही. तालुक्याच्या गावात याचा अर्थ रोजचा आहे. तिथे बहुतेक घरांचे नकाशे परवानाधारक इंजिनिअर करतो, कमी पैशांत करतो, आणि अनेकदा नीट करतो. म्हणूनच गावोगावच्या संघटना आर्किटेक्ट आणि इंजिनिअर अशा जोडनावाने उभ्या आहेत. पुण्याची 'एसा' तर सर्व्हेअर्सनाही सामावून घेते, आणि मुंबईच्या 'पियाटा'त नगररचनाकारही आहेत. महानगरातल्या काही बड्या आर्किटेक्टांना ही सरमिसळ खटकते. मला ती शहाणपणाची वाटते. भिंत पडली तर नगरपालिका दोघांनाही एकाच नोटिशीत बोलावते.

आर्किटेक्टांच्या समाजाचा सगळ्यात कमी माहीत असलेला धागा १९८९ च्या व्यावसायिक वर्तणुकीच्या नियमांत आहे. आर्किटेक्टने जाहिरात करायची नाही. दुसऱ्याचं काम हिसकावायचं नाही. एखाद्या कामावर आधी दुसरा आर्किटेक्ट असेल तर त्याचं काम संपल्याचा पुरावा हवा आणि त्याला लेखी कळवल्याशिवाय ते हाती घ्यायचं नाही. प्रत्यक्षात हे आधी फोनवर होतं. "सर, तुमच्या त्या शिंदेंचं काम माझ्याकडे आलंय. काही राहिलंय का तुमचं?" पलीकडून क्षणभर गप्प, मग, "दोन बिलं राहिलीत रे. आणि हो, मागच्या बाजूला विहीर बुजवलेली आहे, त्यांनी सांगितलं नसेल. फाउंडेशन बघून घे." थकलेल्या बिलांचं पुढे काय होतं ते सोडा, बुजवलेली विहीर कुठल्याही नकाशात नसते, ती अशा फोनमध्येच कळते. जिथे हा फोन होत नाही तिथे नव्या आर्किटेक्टला विहीर सापडते ती पाया खोदताना. याच नियमांत मान्यताप्राप्त स्पर्धा सोडून फुकट किंवा कमी पैशांत चढाओढीने आराखडे करून द्यायला मनाई आहे. ती किती पाळली जाते? तिघांकडून फुकट स्केच मागवून त्यातलं स्वस्त निवडणारे ग्राहक प्रत्येक शहरात आहेत, आणि ते देणारेही आहेत.

आता संघटनांच्या मासिक बैठकीकडे येऊ. संध्याकाळी सातची वेळ, हॉटेलचा बँक्वेट हॉल, दाराशी नावं लिहायचं रजिस्टर. आधी प्रायोजकाचं अर्ध्या तासाचं सादरीकरण: वॉटरप्रूफिंगचं रसायन, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, लॅमिनेट. मग मुख्य व्याख्यान, पाहुण्या आर्किटेक्टच्या सुंदर बंगल्यांच्या स्लाइड्स, आणि मग जेवण. स्लाइडमधला बंगला नेहमी मे महिन्यातला असतो. श्रावणात त्याच भिंतीला ओल आली का, हे विचारायची पद्धत नाही. प्रायोजकाशिवाय हॉलचं भाडं निघत नाही हे मान्य. पण ज्याचा माल निवडायचा त्याच्याच पैशाने शिकायचं, यातली अडचण कुणी उघड बोलत नाही. शिवाय सातची वेळ कुणाला सोयीची? आज कुठल्याही आर्किटेक्चर कॉलेजात मुली मुलांच्या बरोबरीने दिसतात. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं भानुबेन नानावटी कॉलेज १९९४ पासून मुलींसाठीच चालतं. देशातल्या पहिल्या स्त्री आर्किटेक्टांत गणल्या जाणाऱ्या पेरिन मिस्त्रींनी जे. जे.मधून पदविका घेतली त्याला नव्वदेक वर्षं होत आली. तरी संघटनेच्या मंचावरच्या खुर्च्यांवर बायका मोजक्याच. सकाळी दहाची बैठक ठेवून बघा, चित्र बदलेल.

इंग्लंडमध्ये आरआयबीएच्या सनदी सदस्याला वर्षाला ३५ तास शिकल्याची नोंद ठेवावी लागते. सुरक्षितता, कायदा, हवामान असे विषयही ठरलेले. आपल्याकडे नोंदणी चालू ठेवायला शुल्क भरलं की पुरतं. कौन्सिलचं प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र पुण्यात बालेवाडीला आहे, तिथे शिक्षकांसाठी वर्ग होतात, प्रबंधांना पारितोषिकं दिली जातात. पण सोलापूरच्या किंवा परभणीच्या चालत्या ऑफिसमधून उठून तिथे जाणारे किती? तासांची सक्ती आणली तर आपल्याकडे तिचं काय होईल याचीही कल्पना आहे: प्रमाणपत्रांचा गठ्ठा आणि हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या. तरीही काही विषय सक्तीचे हवेत असं माझं मत आहे, कारण सहीची किंमत वाढली आहे. २०१७ पासून महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदवलेल्या प्रकल्पात आर्किटेक्टने फॉर्म १ वर काम किती टक्के झालं ते प्रमाणित केल्याशिवाय बिल्डरला प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यातले पैसे काढता येत नाहीत. त्या खात्यात घर घेणाऱ्यांनी भरलेल्या रकमेच्या सत्तर टक्के पैसा असतो. साठ टक्के काम झालंय असं लिहिणाऱ्याने साइटवर जाऊन काय काय बघायचं, हे पदवीच्या पाच वर्षांत कुणी शिकवलेलं नसतं.

दुसरा विषय पाण्याचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूर-सांगलीत निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द घराघरात पोचले. नदी आणि निळ्या रेषेच्या मधला पट्टा निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेच्या मधला नियंत्रित. रेषा आखते सरकार. पण गेल्या खेपेला कुठल्या गल्लीत कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं, हे त्या गावात काम करणाऱ्यांना ठाऊक असतं. ही माहिती आज प्रत्येकाच्या डोक्यात सुटी सुटी पडून आहे. एखाद्या शहरातल्या वीस-पंचवीस आर्किटेक्ट-इंजिनिअरांनी आपापल्या इमारतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजून एका नकाशावर मांडल्या तर बॅटलीचा टेप पुन्हा कामी येईल, आणि तो नकाशा महापालिकेलाही हवाच असेल. मुंबईत १९८४ मध्ये आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्या पुढाकाराने यूडीआरआय ही संस्था निघाली आणि शहराच्या विकास आराखड्यावर नागरिकांच्या बाजूने अभ्यास करून बोलत राहिली. जिल्ह्याच्या गावाला एवढी मोठी संस्था नको. महिन्याकाठी एक रविवार आणि चार उत्साही माणसं पुरतील.

भाषेचाही एक मुद्दा राहतो. फिरोज रानड्यांच्या 'इमारत'सारखी पुस्तकं सोडली तर मराठीत वास्तुकलेवर लिहिणारे आर्किटेक्ट फार थोडे. नियमावली इंग्रजीत, व्याख्यानं इंग्रजीत, स्लाइडही इंग्रजीत, आणि दुसऱ्या दिवशी साइटवर मुकादमाशी बोलणं मराठी-हिंदीत. छज्ज्याला खालून खाच का हवी, गच्चीच्या कोब्याला उतार किती हवा, हे जो गवंड्याला मराठीत पटवून देऊ शकतो त्याचीच इमारत कोरडी राहते. संघटनांनी वर्षातून दोन बैठका मुकादमांना आणि गवंड्यांना बरोबर घेऊन कराव्यात. प्रायोजक मिळणार नाही; चहा आणि वडापाव एवढाच खर्च आहे.

वाचकांपैकी कुणी यंदा घर बांधायला काढणार असेल, तर आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक विचारा आणि तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर ताडून बघा. फी आणि कामाच्या अटी लेखी घ्या. फुकट स्केच मागू नका. आधीचा आर्किटेक्ट बदलायचा असेल तर त्याचे पैसे चुकते करून नव्याला त्याच्याशी बोलू द्या. आणि राहायला गेल्यावर पहिल्या पावसाळ्यानंतर तुमच्या आर्किटेक्टला त्याच्या दोन-तीन सहकाऱ्यांसह घरी बोलवा. चहा द्या, आणि कुठे गळतंय ते दाखवा.