कासवाचं मुद्दल

ज्या कासवाला डोकं कवचात घेता येत नाही, ते चावतं. अमेरिकेतल्या स्नॅपिंग टर्टलची सगळी बदनामी या एका उणिवेतून आली आहे. आपल्याकडच्या कासवाला डिवचलं की ते अंग आवरून धोंडा होतं. या चावऱ्या कासवाच्या पोटाकडचं कवच अगदी अपुरं, फुलीच्या आकाराचं असतं. डोकं मोठं, मान लांब, पाय जाडजूड. आत घ्यायचं म्हटलं तरी मावणार कुठे? पाण्यात असलं की ते माणसाला पाहून गुपचूप निघून जातं. जमिनीवर गाठलंत, तर मान विजेसारखी फेकून चावतं.

उज्जैनच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना मी हे कासव फळ्यावर कित्येकदा काढलं. प्रत्यक्ष पाहिलं ते निवृत्तीनंतर, पेनसिल्व्हेनियात भाच्याकडे गेले तेव्हा. त्याच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ राहतात. उन्हाळ्यात तळ्यात पिंजरे लावून कासवं धरायची आणि त्यांचं सूप करायचं, ही त्यांच्या घरची जुनी रीत. तिथे त्यासाठी मासेमारीचा परवाना लागतो आणि हंगामही ठरलेला असतो. आमच्या घरी अंडंसुद्धा शिजत नाही. पण नोकरीभर बेडूक आणि झुरळं कापलेली असल्यामुळे मी खुर्ची टाकून सगळं पाहत बसले. भाचेसून मात्र घरात निघून गेली.

पिंजरा म्हणजे लोखंडी कड्यांवर ताणलेली जाळ्याची लांबट पिशवी. तिचं तोंड नरसाळ्यासारखं आत वळलेलं, त्यामुळे कासव शिरतं सहज आणि बाहेरची वाट काही त्याला सापडत नाही. आमिषाला माशांची मुंडकी किंवा भोकं पाडलेला सार्डिनचा डबा. वास पाण्यात पसरत राहतो. खरी खुबी पुढे आहे. पिंजऱ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर ठेवावा लागतो. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. पिंजरा पूर्ण बुडाला तर उन्हाळ्याच्या पाण्यात ते रात्रीतून गुदमरून मरतं. काही लोक दोरीला गळ लावून पाण्यात सोडून देतात. कासव तो गळ गिळतं आणि दोरी तुटली तर पोटात घेऊन फिरतं. त्या गृहस्थांना ही पद्धत नापसंत होती, आणि ते मला बरं वाटलं.

धरलेलं कासव उचलायचं ते मागच्या पायांजवळ कवचाला धरून. शेपटीला धरून लोंबकळवलं तर मणक्यांना इजा होते. मग त्याला काही दिवस स्वच्छ पाण्याच्या पिंपात ठेवतात आणि पाणी रोज बदलतात, म्हणजे पोटातला चिखल आणि कुजका वास निघून जातो. पुढे डोकं छाटतात. पण छाटलेलं डोकं नंतर बराच वेळ चावू शकतं आणि काळीज कित्येक तास धडधडत राहतं. यात भुताटकी काही नाही. हा प्राणी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याच्या तळाशी महिनोन्‌महिने श्वासाशिवाय काढतो. त्याच्या पेशींना प्राणवायूवाचून तग धरायची सवयच असते. म्हणूनच पशुवैद्य सांगतात की नुसतं डोकं छाटून भागत नाही, मेंदूही लगेच नष्ट करायला हवा, नाहीतर वेदना चालू राहू शकते. गृहस्थांना हे माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.

त्यापुढचं काम तासभराचं. रक्त वाहू द्यायचं, उकळतं पाणी ओतून पायांची कातडी सैल करायची, दोन्ही कवचं जिथे जुळतात तिथून सुरी फिरवून पोटाकडची फुली उचलायची. मग चार पाय, मान, शेपूट आणि पाठीच्या कण्यालगतचं मांस वेगळं काढायचं. एका कासवात सात प्रकारचं मांस असतं, अशी तिकडे म्हण आहे. कुठे कोंबडीसारखं, कुठे बैलासारखं. मांस चिवट असतं, म्हणून हाडांसकट मंद आचेवर पुष्कळ वेळ शिजवतात. टोमॅटो, कांदा, सेलरी, खरपूस भाजलेला मैदा, बारीक चिरलेलं उकडलेलं अंडं आणि वरून शेरी. फिलाडेल्फियातलं ‘ओल्ड ओरिजिनल बुकबाइंडर्स’ हे हॉटेल याच सुपासाठी प्रसिद्ध होतं.

चरबी मात्र एक कणही ठेवायची नाही. पिवळी, लिबलिबीत असते ती. गृहस्थ म्हणाले की तिला उग्र वास येतो. मला वेगळं कारण ठाऊक होतं. कासव दीर्घायुषी, चिखलात राहणारं आणि मिळेल ते खाणारं. पाण्यात सोडलेली पीसीबीसारखी रसायनं त्याच्या चरबीत आणि यकृतात वर्षानुवर्षं साचत जातात. हडसन नदी अशा रसायनांनी नासली आहे. न्यूयॉर्क राज्याचं आरोग्य खातं पन्नाशीच्या आतल्या बायकांना आणि लहान मुलांना हे कासव खाऊच नका म्हणतं. बाकीच्यांनी चरबी, यकृत आणि अंडी टाकून द्यावीत असं सांगतं.

जे दीर्घ आयुष्य चरबीत विष साठवतं, तेच या प्राण्याला खाण्याजोगा ठेवत नाही. कॅनडातल्या अल्गॉन्क्विन अभयारण्यात 1972 पासून या कासवांवर नोंदी ठेवल्या जात आहेत. तिथल्या थंडीत मादी पहिल्यांदा अंडी घालते ती सतरा-अठरा वर्षांची झाल्यावर. वर्षाला एकदाच, तीसेक अंडी. रॅकून आणि कोल्हे बहुतेक घरटी उकरून खातात. हजार-दीड हजार अंड्यांमागे एखादंच पिल्लू वयात येतं. ही उधळपट्टी परवडते ती एकाच अटीवर: वयात आलेली मादी मरता कामा नये, तिनं पुढची कित्येक दशकं अंडी घालत राहावं. 1980 च्या दशकाच्या शेवटी तिथे पाणमांजरांनी गोठलेल्या तळ्यांत निजलेली मोठी कासवं दोन-तीन हिवाळे मारून खाल्ली. त्यानंतर दोन दशकं उलटली तरी संख्या पूर्ववत झाली नव्हती. कोंबडी किंवा मासा खाल्ला तर आपण व्याज खातो. मोठं कासव खाल्लं की मुद्दल गेलं. त्या गृहस्थांचा एखाददुसरा पिंजरा फार बिघडवत नसेल. बाजार लागला की बिघडतं.

बाजाराचा इतिहास सगळीकडे सारखा आहे. अठराव्या शतकात लंडनच्या मेजवान्यांना समुद्री हिरव्या कासवाचं सूप लागे. ते महागलं तेव्हा वासराचं डोकं उकळून नकली सूप निघालं. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’मधलं रडकं मॉक टर्टल त्यातूनच जन्मलं. अमेरिकेत खाऱ्या खाड्यांतल्या टेरापिन कासवांवर ताव मारला गेला. ती संपत आली तशी चावऱ्या कासवांची पाळी आली. त्यांचाच दक्षिणेतला अजस्र भाऊबंद, अ‍ॅलिगेटर स्नॅपर, सुपासाठी इतका धरला गेला की लुइझियानाला 2004 मध्ये त्याची व्यापारी धरपकड बंद करावी लागली. अलीकडे गिऱ्हाईक चीनचं आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये पनामात वन्यजीव-व्यापारावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे ही दोन्ही कासवं व्यापारावर नजर ठेवायच्या यादीत गेली. त्याच परिषदेत भारताच्या मागणीवरून लीथचं मऊ पाठीचं कासव सर्वांत कडक यादीत चढलं. ते दख्खनच्या नद्यांतलं, म्हणजे महाराष्ट्राच्या घरचं. पण त्याची बातमी मराठी वर्तमानपत्रांत मला तरी शोधूनच काढावी लागली.

भाच्याकडे कोणीतरी मला म्हणालं, ‘तुमच्याकडे तर कासव देव असतं, खात नसाल.’ देव आहेच. मी राहते उज्जैनच्या क्षीरसागर भागात, सात सागरांपैकी एका तळ्याजवळ. आमचा सिंहस्थ ज्या समुद्रमंथनातल्या अमृताच्या थेंबांवरून भरतो, त्या मंथनाची रवी कूर्माच्या पाठीवर फिरली. जेजुरीला खंडोबापुढे पितळेनं मढवलेलं भलंमोठं कासव आहे. पण म्हणून खात नव्हतो असं नाही. स्मृतिकारांनी पाच नखांचे जे पाच प्राणी भक्ष्य मानले, त्यात कासव आहे. सुश्रुतानं मांसाचे गुण सांगताना कूर्म गाळलेला नाही. आजही देशात अनेक ठिकाणी गरीब घरांत तळ्यातलं कासव कालवणात पडतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्यावर बंदी आहे, आणि आपल्या तळ्यांत सर्रास दिसणारं झडप-कासवही पहिल्या अनुसूचीत आहे. ते धरलं तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते.

पण खरा धंदा गरिबाच्या कालवणाचा नाही. आमची क्षिप्रा चंबळेला मिळते, आणि चंबळ हा गोड्या पाण्यातल्या कासवांचा देशातला फार मोठा आसरा आहे. विणीच्या दिवसांत नराच्या डोक्यावर लाल टिळा उमटतो ते साल कासव आता जवळजवळ तिथेच उरलं आहे. मुरैन्याजवळ देवरीच्या केंद्रात त्याची अंडी उबवून पिल्लं नदीत सोडतात. त्याच चंबळेच्या खालच्या अंगाला, इटावा-मैनपुरीकडे, मोठ्या मऊ पाठीच्या कासवांच्या कवचाची मऊ कड कापून, उकळून वाळवतात. धंद्यात तिला ‘चिप्स’ म्हणतात. ती बंगाल, बांगलादेशमार्गे चीनकडे सुपासाठी जाते. बाकीचं जनावर बऱ्याचदा फेकलं जातं. जानेवारी 2017 मध्ये अमेठीत पोलिसांनी एका घरातून 6,430 झडप-कासवं पोत्यांत भरलेली पकडली, वजन चार टनांवर. त्याच हिवाळ्यात देशभर झालेल्या ‘सेव्ह कूर्म’ मोहिमेत पंधरा हजारांहून अधिक जिवंत कासवं हाती लागली. अल्गॉन्क्विनमध्ये मूठभर पाणमांजरांनी काय केलं ते आठवून हे आकडे वाचा.

कोकणातलं वेळास आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. समुद्री कासवाची अंडी गावकरी उकरून खात, विकत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं त्याच गावकऱ्यांना हाताशी धरून अंडी राखायला सुरुवात केली आणि पुढे कासव महोत्सव भरू लागला. काम उत्तमच आहे. तरी शिक्षिकेची खोड म्हणून सांगते, अंडी राखणं हे काम अर्धंच. समुद्री कासवांवरचा 1987 चा एक गाजलेला अभ्यास दाखवतो की सगळी अंडी वाचवूनही, मोठी कासवं ट्रॉलरच्या जाळ्यांत मरत राहिली तर संख्या सावरत नाही. जाळ्याला कासव बाहेर पडायची खिडकी ठेवतात ती याचसाठी. तिचा मात्र महोत्सव होत नाही.

उज्जैनमध्ये कासव खाण्यापेक्षा त्याच्या जोरावर श्रीमंत होण्याची हौस जास्त आहे. कासवाची अंगठी बोटाबोटांत दिसते, ती निरुपद्रवी. पण ‘बीस नाखूनवाला कछुआ’ घरात आणून पूजा केली की पैशाचा पाऊस पडतो, या समजुतीपायी आमच्या मध्य प्रदेशात जिवंत कासवं चोरून विकली जातात. झडप-कासवाच्या दर पायाला तीन, म्हणजे नखं बारा. टणक पाठीच्या बहुतेक पाणकासवांना पुढे पाच-पाच, मागे चार-चार, म्हणजे अठरा. एवढं मोजायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. पण गिऱ्हाईक पैसे मोजतं, नखं मोजत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आता वनखात्यात आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला: मॅडम, असं एक कासव जप्त झालंय, नखं बाराच आहेत. मी म्हटलं, नखं राहू दे, शेपूट सांग. आखूड आहे म्हणाला, म्हणजे मादी. मग पुढचं सगळं बोलणं तिला कुठे सोडायचं यावर झालं. जप्त केलेला प्राणी कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही, आणि परक्या तळ्यात सोडला तर तिथल्या कासवांत रोग जाऊ शकतो. आणणारा माणूस ती कुठून धरली ते सांगायला तयार नव्हता. मी विद्यार्थ्याला एवढंच सांगितलं की परवानगी येईपर्यंत तिला कोरडं ठेवू नकोस, पाण्याच्या टाकीत तळाला वाळू घाल आणि बघ्यांना लांब ठेव. आणि त्या माणसाला पुन्हा विचार.