जूनचा पाऊस उणे ५ मिलिमीटर? सरासरीच्या आलेखात एरर बार नेमका कुठे चुकतो

जळगावच्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला रथ निघतो. तोवर खान्देशात गप्पांचा विषय एकच असतो: पाऊस किती झाला आणि पेरण्या उरकल्या का. याच दिवसांत व्हॉट्सॲपवर आलेखही फिरू लागतात. जूनची सरासरी, जुलैची सरासरी, आणि प्रत्येक ठिपक्याच्या वर-खाली एक बारीक उभी दांडी. या दांडीलाच एरर बार म्हणतात. आकडा साधारण किती मागे-पुढे होऊ शकतो, हे ती सांगते.

पावसाच्या आलेखात ही दांडी वर आणि खाली अगदी सारख्याच लांबीची दिसली, तर तिथेच थांबून बघायला हवं.

एक हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या पर्जन्यमापकावर सात वर्षांत जूनचा पाऊस असा नोंदला गेला: २०, ५०, ६०, ७०, ९०, १२० आणि ३६० मिलिमीटर. (आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत, पण असा एखादा धो-धो महिना मध्येच येणं पावसाला नवीन नाही.) बेरीज ७७०, म्हणून सरासरी ११०. आकडे सरासरीपासून किती पांगले आहेत हे सांगणारं प्रमाण विचलन येतं सुमारे ११५. आता नेहमीच्या पद्धतीने ठिपका ११० वर ठेवा आणि दांडी ११५ वर, ११५ खाली काढा. वरचं टोक २२५ वर जातं. खालचं जातं उणे ५ वर.

उणे ५ मिलिमीटर पाऊस म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येणार नाही. गणित बरोबर आहे, चित्र चुकलंय.

कारण सोपं आहे. पावसाला खाली जमीन आहे, वर छत नाही. शून्याच्या खाली तो जाऊ शकत नाही, पण वर दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. हवामान विभागाच्या वर्गवारीतही हेच दिसतं. सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त म्हणजे 'सामान्य'. तुटीची बाजू उणे १०० टक्क्यांवर, म्हणजे अजिबात पाऊस नाही, तिथे संपते. अतिरिक्त पावसाची शेवटची पायरी ६० टक्क्यांवर सुरू होते आणि तिला वरची मर्यादाच नाही. बाजारातले लिलावाचे भाव, घरांचं उत्पन्न, विहिरीच्या पाण्यातल्या जिवाणूंची संख्या, दवाखान्यातला थांबण्याचा वेळ, या सगळ्यांचं असंच असतं.

मग काढायचं काय?

आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचलायचा. याला मध्यक म्हणतात, शाळेत सगळ्यांनी शिकलेला. आपल्या उदाहरणात तो ७०. दांडीसाठी चतुर्थक घ्यायचे: खालचा ५५, वरचा १०५. म्हणजे मधली निम्मी वर्षं या पट्ट्यात बसतात. आता ठिपका ७० वर, दांडी खाली १५ आणि वर ३५. दोन बाजू सारख्या नाहीत, आणि नसायलाच हव्यात. ११० ही सरासरी तर या पट्ट्याच्या बाहेरच पडते. एका ३६० ने तिला वर ओढून नेलंय.

हा फरक कागदापुरता नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. सरासरी ११० म्हटल्यावर कोरडवाहू शेतकऱ्याला जून भरवशाचा वाटेल. पण याच सातपैकी चार वर्षांत संपूर्ण महिन्याचा पाऊसही ७५ पर्यंत पोचलेला नाही. दुबार पेरणीचं बियाणं कुणाच्या खिशातून जातं, हे खान्देशात वेगळं सांगायला नको.

सॉफ्टवेअरमधली खरी गफलत

एक्सेलमध्ये आलेखावर क्लिक केलं की बाजूला अधिकची खूण येते. तिथे 'एरर बार्स'वर नुसती टिचकी मारली की दांड्या लगेच दिसतात, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण या आयत्या दांड्या एक्सेल आलेखात मांडलेल्या आकड्यांवरूनच काढतं. तुम्ही जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरच्या चार सरासऱ्या दिल्या असतील, तर त्या चार आकड्यांमधला फरक मोजला जातो. मागची सात वर्षं त्याला ठाऊकच नसतात. म्हणून सगळ्या ठिपक्यांना एकाच लांबीची दांडी लागते. अशी एकसारख्या दांड्यांची रांग दिसली की शंका घ्यायला हरकत नाही.

योग्य रस्ता दोन टिचक्या पुढे आहे: 'मोअर ऑप्शन्स', मग 'कस्टम', मग 'स्पेसिफाय व्हॅल्यू'. तिथे दोन चौकटी येतात, एक वरच्या बाजूसाठी आणि एक खालच्या. प्रत्येकीत त्या त्या रकान्याची रांग द्यायची. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये 'सेल रेंज' निवडलं की हीच सोय मिळते, फक्त 'दोन्हींना एकच किंमत' या खुणेवर टिक राहू द्यायची नाही. गूगल शीट्समध्ये मात्र एरर बार दोन्ही बाजूंना सारखाच येतो. तिथे कॅन्डलस्टिक चार्ट वापरून वेळ मारून नेता येते, पण ते जुगाडच.

चौकटीत काय भरायचं, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. एक्सेलला टोकाचा आकडा नको असतो, ठिपक्यापासूनचं अंतर हवं असतं. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालातलं उदाहरण घ्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीचं तापमान दीर्घकाळात किती अंशांनी वाढेल? सर्वांत योग्य अंदाज ३, आणि 'फार शक्य' असलेला पल्ला २ ते ५. इथेही दांडी वर लांब, खाली आखूड. एक्सेलमध्ये वर २ आणि खाली १ भरायचं. कुणी सरळ ५ आणि २ भरले, तर दांडी १ पासून ८ पर्यंत ताणली जाईल. असा आलेख फॉरवर्ड झाला की 'शास्त्रज्ञ म्हणतात ८ अंश' अशी बातमी व्हायला वेळ लागत नाही.

पायथनच्या मॅटप्लॉटलिबलाही अंतरंच लागतात, पण तिथे आधी खालचं आणि मग वरचं. क्रम उलटला तर आपल्या जूनची दांडी ५५ ते १०५ ऐवजी ३५ ते ८५ दिसेल आणि काही चुकल्याचं कळणारही नाही. उणे अंतर दिलं, तर मात्र ते आलेख काढायलाच नकार देतं. ग्नूप्लॉटची तऱ्हा वेगळी. त्याला चार रकाने दिले, तर शेवटचे दोन तो थेट टोकांचे आकडे समजतो. म्हणून एका सॉफ्टवेअरमधला तक्ता उचलून दुसऱ्यात टाकला की दांड्या भलतीकडेच जातात. आलेख तयार झाल्यावर एका ठिपक्याची दोन्ही टोकं मूळ आकड्यांशी ताडून पाहिली, तरी यातल्या बहुतेक चुका पकडल्या जातात.

काही जण लॉग स्केल वापरतात. तिथे दांडी बेरीज-वजाबाकीने नाही, गुणाकार-भागाकाराने काढतात. १०० च्या दुप्पट २००, निम्मे ५०. साध्या पट्टीवर ही दांडी असमान दिसते, लॉग पट्टीवर समान. जिवाणूंच्या मोजणीला हे उत्तम. पावसाला जपून, कारण कोरड्या महिन्याच्या शून्याचा लॉग निघत नाही.

दांडी म्हणजे नक्की काय?

लांबी बरोबर असली तरी अर्थ लिहिलेला हवा. वरच्याच सात आकड्यांचं प्रमाण विचलन ११५, पण प्रमाण त्रुटी फक्त ४३. ती लावली की दांडी ६७ ते १५३ इतकी आटोपशीर दिसते. आकडे तेच, आत्मविश्वास अचानक वाढलेला. प्रमाण त्रुटी सांगते ती सरासरी किती पक्की आहे ते. पुढच्या जूनमध्ये किती पाऊस पडू शकतो, ते ती सांगत नाही. चतुर्थकांमध्येही एक्सेलकडे दोन पद्धती आहेत. एकीने ५५ आणि १०५ येतात, दुसरीने ५० आणि १२०. दोन्ही चालतात, पण कोणती वापरली हे आलेखाखाली लिहायला एक ओळ पुरते.

आणि नोंदी सातच असतील, तर दांडीची गरजही नाही. प्रत्येक वर्षाचा एक ठिपका, असे सातही ठिपके महिन्यावर मांडले, तर खाली दाटलेले सहा आणि वर एकटा पडलेला ३६० कुणालाही दिसतो.