गिटारच्या साथींतील भरीचे स्वर

गेल्या वर्षीं शाळेच्या वार्षिक समारंभाच्या तालमींत एक प्रसंग घडला. लहान मुलींचें समूहगीत चाललें होतें व साथीला गिटार घेऊन आम्ही स्वतः बसलों होतों. पहिलें कडवें उत्तम झालें. परंतु दुसरें सुरू करावयाच्या क्षणीं निम्म्या मुली गावयास लागल्या व निम्म्या गप्प उभ्या राहिल्या. आम्हीं त्यांस दटावलें, तेव्हां त्यांतील एक धीट मुलगी म्हणाली, "सर, तुमचें मधलें वाजवणें संपलें कीं नाहीं, तेंच आम्हांला कळलें नाहीं." दोष कोणाचा होता हें सांगावयास नको.

त्या मधल्या वाजवण्याविषयींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं आतां गिटार आली आहे, आणि त्यांचे पालक आम्हांस विचारतात कीं, मुलगा तासन् तास तेंच तें वाजवितो, ह्यापुढें कांहीं आहे कीं नाहीं? आहे, आणि तें फारसें अवघडही नाहीं.

साथ करणारा गिटारवादक मुख्यतः कॉर्ड वाजवितो. कॉर्ड म्हणजे एकाच वेळीं उमटणारा स्वरांचा मेळ. पेटीची पांढरी एक ही पट्टी षड्ज मानिली, तर सा, ग आणि प मिळून जो मेळ होतो त्यास सी मेजर म्हणतात. ह्या तिघांत रे व ध हे दोन स्वर मिळविले कीं पांच झाले. आपल्याकडे हेच भूपाचे स्वर; पाश्चात्य संगीतांत ह्यांस मेजर पेंटाटॉनिक असें नांव आहे. (रागाचें चलन ही गोष्ट निराळी, येथें केवळ स्वर तेच, एवढेंच म्हणावयाचें आहे.) मेळाच्या दोन आघातांमध्यें जी मोकळी जागा राहते तींत ह्या पांचांतील दोन-तीन स्वर हळूच पेरणें, ह्यासच वादक 'फिल' म्हणतात. आपण त्यांस भरीचे स्वर म्हणूं.

हेच पांच कां? सात शुद्ध स्वरांत अर्ध्या स्वराचें अंतर दोनच ठिकाणीं असतें: ग आणि म ह्यांमध्यें, व नी आणि वरचा सा ह्यांमध्यें. म आणि नी गाळले कीं हीं दोन्ही अडचणीचीं ठिकाणें नाहींशीं होतात, व उरलेल्या पांचांपैकीं कोणताही स्वर मेळावर पडला तरी कानाला बोचत नाहीं. ज्यांच्या घरीं पेटी आहे त्यांनीं नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवून पाहाव्या. एका सप्तकांत त्या पांचच असतात, आणि कोणत्याही क्रमानें दाबल्या तरी त्यांतून कांहींतरी गोडच निघतें.

अमेरिकेंतील शिकागो येथील गायक-वादक कर्टिस मेफील्ड (१९४२–१९९९) ह्यांनीं तर आपली गिटारच पियानोच्या काळ्या पट्ट्यांस अनुसरून जुळविली होती. तिच्या मोकळ्या तारा छेडल्या कीं एफ शार्पचा मेळ उमटे. चर्चमधील गायनाच्या संस्कारांत ते वाढले होते. १९६५ सालीं त्यांच्या 'द इम्प्रेशन्स' ह्या मंडळीनें गायिलेलें 'पीपल गेट रेडी' हें त्यांचें गीत लक्ष देऊन ऐकावें. गिटार तेथें मऊ आहे, मोजकी आहे, आणि शब्दांना कोठेंही धक्का देत नाहीं. ह्याच वळणाची अधिक दाट वीण जिमी हेन्ड्रिक्स ह्यांच्या १९६७ सालच्या 'लिटल विंग' ह्या गीतांत आढळते. तारा दाबणाऱ्या हाताचा आंगठा दांडीवरून वळवून ते जाड तारेवर खर्जाचा स्वर धरीत, त्यामुळें बाकीच्या बोटांस मेळ व भरीचे स्वर दोन्ही सांभाळतां येत. नवशिक्यानें मात्र आरंभींच तेथें हात घालूं नये.

आरंभ जी मेळापासून करावा. ह्याचे भरीचे स्वर जी, ए, बी, डी आणि ई. ते सर्व पहिल्या तीन पडद्यांतच सांपडतात. पांचवी तार मोकळी छेडली कीं ए. ती निनादत असतांच दुसऱ्या पडद्यावर बोट टपकन् आपटलें कीं बी. तसेंच चौथी तार मोकळी म्हणजे डी, व दुसऱ्या पडद्यावर ई. छेडावयाचें एकदांच; दुसरा स्वर बोटाच्या आघातानेंच निघतो. आठवडाभर एवढेंच करावें.

पुढें खरी मौज आहे. जी नंतर सी मेळ यावयाचा आहे असें समजा. चार मात्रांपैकीं पहिल्या दोहोंवर जी मेळ वाजवावा. तिसरीवर पांचवी तार मोकळी, चौथीवर तिचाच दुसरा पडदा. आणि समेवर त्याच तारेच्या तिसऱ्या पडद्यावर बोट पडतें, तेथें सी मेळाचा पायाच उभा असतो. ए, बी, सी अशा तीन पायऱ्या चढून आपण नव्या मेळांत पोहोंचतों, व ओळ कोठें सुरू होणार हें गाणाऱ्यास न सांगतां कळतें. आमच्या तालमींत नेमकें हेंच झालें नव्हतें. आम्ही समेच्या पलीकडेही वाजवीतच राहिलों होतों.

मेळ बदलला कीं भरीचे स्वरही त्याबरोबर बदलावे. सी, एफ व जी ह्या तिन्ही मेळांचे पांच-पांच स्वर त्याच सात शुद्ध स्वरांत बसतात, त्यामुळें गाण्याची पट्टी सुटत नाहीं. ए मायनरसाठीं तर नवें कांहीं शिकावयासच नको. सीचेच पांच स्वर, मात्र ठाण ए वर. भूपांतील धैवतास षड्ज मानिलें कीं धानीचे स्वर मिळतात, तोच हा प्रकार.

मुलांची नेहमींची चूक अशी कीं, भरीचे स्वर आले कीं त्यांचा छेडणारा हात अडखळतो आणि ताल तुटतो. तो हात लंबकाप्रमाणें खालींवर हलतच राहिला पाहिजे, मग तारेला लागो वा न लागो. कीर्तनांतील पेटीवाल्याकडे नीट पाहा: बुवांचा शब्द संपेपर्यंत तो थांबतो, त्यांनीं श्वास घेतला कीं दोन स्वर सोडतो, आणि पुन्हा मागें सरतो. आमच्या मतें एका कडव्यांत अशीं दोन ठिकाणें पुष्कळ झालीं.

पुढच्या तालमीस आम्हीं दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशीं फक्त ए, बी, सी एवढेंच वाजविलें. सगळ्या मुली एकदम गावयास लागल्या. तीच धीट मुलगी मागाहून जवळ येऊन विचारूं लागली, "सर, बाकीचें आज विसरलांत काय?"