चोवीस चेहरे आणि एक संकासुर

संपादकांनी विषय पाठवला तो कोरियाचा. वीस-पंचवीस जणांचे अवाढव्य ग्रुप तिथला गाण्याचा धंदा बदलतील का? मी म्हटलं, सेऊलला पाठवणार असाल तर उद्या निघते. नाहीतर शिमग्याला संगमेश्वर तालुक्यात जाऊन येते. तिकिटाचा आकडा मनात मांडून त्यांनी लगेच कोकण रेल्वेला मान डोलावली.

मला नमन-खेळे, हे कोकणातलं लोकनाट्य, बघायचं होतं. मृदंगवाले, झांजवाले, झगे घालून रांगेत नाचणारे खेळे, गवळणीतले कृष्ण-पेंद्या-मावशी, वगातले राजे नि प्रधान. एवढा संच उभा करायचा तर माखजनकडच्या एखाद्या वाडीतले धडधाकट बाप्ये संपतात, प्रेक्षकांत बसायला म्हातारे आणि बायकापोरंच उरतात. आणि तरी मंडळ पिढ्यान्‌पिढ्या चालतं. हे गणित कोरियन कंपन्यांना अजून सुटलेलं नाही.

तिकडचं थोडक्यात सांगते. जपानमध्ये 2005 साली अकिहाबारातल्या एका छोट्या थिएटरात एकेबी फॉर्टीएट सुरू झाला. रोज प्रयोग, मुली येणार-जाणार, पुढे चाहत्यांच्या मतांवर पुढच्या रांगेतली जागा. त्याच वर्षी कोरियात सुपर ज्युनियर आला. त्यातली मुलं दरवर्षी बदलायची असा एसएम एंटरटेनमेंटचा बेत होता. चाहत्यांनीच तो हाणून पाडला. मग 2016 मध्ये त्याच कंपनीचा एनसीटी, हवी तितकी माणसं वाढवता येतील असा. 2020 मध्ये ती 23 झाली. आणि आता ट्रिपलएस. 24 मुली एकेक करून जाहीर केल्या, मे 2024 मध्ये सगळ्यांचा पहिला अल्बम आला. चाहते ॲपवर त्यांची डिजिटल कार्डं घेतात, त्याबरोबर मिळणाऱ्या टोकनांवर मत देतात, कुठल्या तुकडीत कोण हे त्या मतांवर ठरतं. कार्डावर अर्थातच चेहरा. माझी भाची असली छापील कार्डं वहीत जपून ठेवते आणि मला हात लावू देत नाही.

माखजनच्या वाडीत मी बराच वेळ बसले ती मात्र नमनातल्या संकासुराच्या सोंगाजवळ. काळा पायघोळ पोशाख, उंच निमुळती टोपी, तोंडावर मुखवटा, त्याला लोंबती पांढरी दाढी. कमरेचा घुंगरांचा पट्टा एकट्याला बांधता येत नाही. दोघांनी पट्टा ताणून धरला, हा स्वतःभोवती गिरकी घेत त्यात गुंडाळला गेला. गाठ मारल्यावर त्याने जागच्या जागी दोन उड्या मारल्या, कान दिला, "सैल हाय" म्हणाला, आणि सगळं पुन्हा सोडलं. पट्टा सैल असेल तर घुंगरू मृदंगाच्या थापेमागून वाजतात. अर्ध्या मात्रेचा फरक, पण अंगणातल्या म्हातारीलाही कळतो. दुसऱ्यांदा बांधल्यावर उडी आणि आवाज एकत्र आले. दिवसा हा माणूस रिक्षा चालवतो. मुखवट्याआड आज कोण आहे ते लोकांना कसं कळतं, विचारलं. "चालीवरनं वळकतात. पन टोपी चढली का मी नाय, तो."

माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच मिळालं. नमनात भूमिका गावाची असते, माणूस तिच्यात काही वर्षं राहून जातो. फलकावर नाव ग्रामदेवतेचं नि वाडीचं. बाप थकला की पट्टा पोरगा बांधतो, पोरगा नसेल तर पुतण्या. संच मोठा असल्याचा फायदा घ्यायचा तर माणूस बदलता आला पाहिजे, आणि चेहरा विकणाऱ्या धंद्यात माणूस बदलणं सगळ्यांत महाग पडतं. लूना हा बारा मुलींचा ग्रुप. त्यातल्या एकीला 2022 च्या अखेरीस कंपनीने काढलं. पुढच्या वर्षी बाकीच्या कोर्टातून करार मोडून बाहेर पडल्या. एसएमनेही 2023 मध्ये एनसीटीचा अमर्याद विस्तार थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे मोठ्या ग्रुपने कार्डांची विक्री वाढेल, पण धंद्याची रीत बदलेल असं मला वाटत नाही. एक मात्र मान्य: मतदानाने चाहत्याला निर्णयात थोडा हात मिळाला, भले त्यासाठी तो खिशात घालावा लागत असेल.

पण नमनाला आदर्श म्हणून मिरवायला जावं तर तिथेही चेहरे आलेच आहेत. तिकीट लावून होणाऱ्या 'बहुरंगी नमना'च्या फ्लेक्सवर आता कलाकारांचे फोटो असतात, बायकांच्या भूमिकांना बायका येतात, आणि एखादी गवळण गाजली की सुपारी देणारा "तीच पायजे" म्हणतो. याला मी वाईट म्हणणार नाही. राधेला मिशा लपवायला लागू नयेत. पण एवढ्या माणसांचा खर्च सुपारीत बसवायचा म्हणजे टेम्पो, लाइट, साउंड, जेवण, आणि ठरलेल्या मानधनाचे एक-दोन चेहरे. बाकीचे खेळे नारळावर. खळ्यात पालखीपुढे नाचताना नारळ हा मान असतो, तिकीट लावल्यावर तोच हिशेबात खटकतो, आणि मंडळं फुटतात ती इथेच.

शिवाय अर्धा संच चाकरमानी. तालीम मुंबईत कुणाच्या तरी चाळीच्या गच्चीवर, वॉचमन येईपर्यंत. प्रयोगाला हक्काचं असलेलं परळचं दामोदर नाट्यगृह 2023 च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झालं. होळीची रजा गणपतीइतकी सहज मिळत नाही, पूर्वी गिरणीत बदली कामगार तरी असायचा. मृदंगवाला नाही आला तर त्याची जागा कोण घेणार? नाचणारा रांगेत लपतो, थाप लपत नाही. या वाडीत थाप येणारे दोघंच. एक साठीपलीकडचा, दुसऱ्याची बारावीची परीक्षा ऐन शिमग्यात आलेली. आईने त्याला एका रात्रीची परवानगी दिली होती, तीही बारा वाजेपर्यंत. त्यामुळे वग या वर्षी आधी उरकला, आणि संकासुर लवकर आला म्हणून म्हातारे मंडळाच्या अध्यक्षांवर अजून चिडलेले आहेत.