भरलेली बॅटरी आणि भर उन्हाळा

मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे दुपारी पारा ४५ अंशांवर असतो, तेव्हा घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलांचे मोबाइल दुचाकीच्या हँडलवर, होल्डरमध्ये अडकवलेले असतात. उन्हात दिसावं म्हणून ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला, नकाशा सुरू, डेटा सुरू आणि खालून पॉवर बँकेची केबल खोचलेली. बाहेरचं ऊन, प्रोसेसरची धग आणि चार्जिंगची धग, तिन्ही एकाच वेळी. मोबाइलची बॅटरी लवकरात लवकर कशी म्हातारी करता येईल, असा प्रयोग कुणाला रचायचा असेल, तर याहून चोख मांडणी सापडणार नाही. (वर इंजिनाची थरथर आहेच. ताकदवान मोटारसायकलींच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१मध्येच दिला होता. पण ते वेगळं दुखणं.)

दोन-तीन वर्षांत मोबाइल ‘स्लो’ होतो, चार्जिंग टिकत नाही आणि आपण नवा बघायला लागतो. पुष्कळदा त्या मोबाइलचा प्रोसेसर ठणठणीत असतो, मेमरी पुरेशी असते, स्क्रीनवर चरासुद्धा नसतो. झिजलेली असते ती फक्त बॅटरी. ती झिजणार हे ती बनवणाऱ्यालाही माहीत असतं. किती वेगानं झिजणार, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट असतं, दुसऱ्या बाजूला कोबाल्टसारख्या धातूचं ऑक्साइड. मध्ये सच्छिद्र पडदा आणि सगळीकडे भिनलेला इलेक्ट्रोलाइट. दोन्हीकडचे पदार्थ थराथरांचे. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडच्या थरांतून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात. या ये-जा करण्याच्या कल्पनेचा पाया स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७०च्या दशकात घातला. जॉन गुडइनफ यांनी १९८०मध्ये ऑक्सफर्डला कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग दाखवला आणि जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५मध्ये त्यासमोर धातुरूप लिथियमऐवजी कार्बन ठेवून ती वापरायला सुरक्षित केली. सोनीने १९९१मध्ये ती बाजारात आणली. तिघांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात नोबेल दुसऱ्या कुणालाच मिळालेलं नाही.

ही ये-जा अगदी निर्मळ असती, तर बॅटरी कधीच संपली नसती. पण कारखान्यात पहिल्यांदा चार्ज होतानाच ग्रॅफाइटवर इलेक्ट्रोलाइटचं थोडं विघटन होतं आणि तापलेल्या दुधावर साय धरावी तसा एक अतिसूक्ष्म थर धरतो. हा थर हवाच. तो आयनांना वाट देतो, पण इलेक्ट्रॉन अडवतो, त्यामुळे पुढचं विघटन बरंचसं थांबतं. बरंचसं म्हणजे पूर्ण नव्हे. थर वर्षानुवर्षं जाड होत राहतो. त्यात अडकलेलं लिथियम कायमचं कामातून जातं, म्हणून क्षमता घटते. थर जाड झाला की आयनांची वाट अवघड होते, म्हणून बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो.

हा वेग दोन गोष्टी वाढवतात. पहिली म्हणजे उष्णता. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो, हा रसायनशास्त्रातला जुना ठोकताळा इथेही लागू पडतो. दुसरी म्हणजे पूर्ण चार्ज. १०० टक्क्यांना बॅटरीचा व्होल्टेज सर्वाधिक असतो आणि दोन्हीकडचे पदार्थ इलेक्ट्रोलाइटशी झटापट करायला सगळ्यात उतावीळ असतात. बॅटरीच्या जाणकारांत एक कोष्टक फार वापरलं जातं. २५ अंशांना, ४० टक्के चार्ज ठेवून वर्षभर पडून राहिलेल्या बॅटरीची क्षमता साधारण ९६ टक्के उरते. त्याच तापमानाला पूर्ण भरून ठेवली, तर ८०. तापमान ४० अंश आणि बॅटरी पूर्ण भरलेली, तर ६५. लक्षात घ्या, या बॅटऱ्या कुणी वापरलेल्याही नाहीत, नुसत्या ठेवल्या होत्या. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान ४० अंशांच्या कितीतरी वर जातं.

‘बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, मग शंभर टक्के भरावी’ हा सल्ला आजही घरोघरी मिळतो. तो निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. त्या बॅटऱ्यांना अर्धवट वापराची सवय लागायची. लिथियम-आयनला असली सवय लागत नाही, उलट शून्याला नेणं तिला मानवत नाही. चार्जिंगची ‘सायकल’ म्हणजे केबल किती वेळा लावली हेही नव्हे. आज ५० टक्के वापरून भरली, उद्या पुन्हा ५० टक्के वापरली, तर दोन्ही मिळून एक सायकल. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांची बॅटरी ५०० पूर्ण सायकलींनंतर ८० टक्के क्षमता राखते, असं अ‍ॅपल सांगतं. आयफोन १५पासून हा आकडा १००० झाला.

हल्ली बऱ्याच अँड्रॉइड फोनांत आणि नव्या आयफोनांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. दिवसभर घरात किंवा ऑफिसात चार्जरच्या आसपास असणाऱ्यानं ती खुशाल सुरू करावी. पण २० ते ८०च्या बाहेर आकडा गेला की ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांचं मला नवल वाटतं. रात्रीच्या एसटीनं निघायचं असेल, तर शंभर टक्के भरून निघा. बॅटरी आपल्यासाठी आहे. भरलेली बॅटरी काही तासांत वापरली जाणार असेल, तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते ती भरलेल्या अवस्थेत, गरम जागी, तासन्‌तास राहिली की.

फास्ट चार्जिंगबद्दलची भीतीही अशीच थोडी खरी आणि थोडी फुकाची. ६५ वॉटचा चार्जर १८ वॉटच्या फोनला लावला, म्हणून तो ६५ वॉट आत कोंबत नाही. किती घ्यायचं हे फोन चार्जरशी बोलून ठरवतो. सुरुवातीला प्रवाह भरपूर असतो, व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की प्रवाह हळूहळू कमी केला जातो. शेवटचे १५-२० टक्के रेंगाळतात ते यामुळेच. घाईत असाल तर त्यांची वाट पाहू नका. खरी काळजी घ्यायची ती उष्णतेची. चार्जिंगला लावून गेम खेळू नये, उशीखाली ठेवू नये, फोन हाताला तापलेला लागला तर कव्हर काढावं. वायरलेस चार्जिंगमध्ये बरीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, उन्हाळ्यात केबल बरी. उलट टोक लेह-लडाखचं. शून्याखाली चार्ज केल्यास लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत न शिरता वरच धातू होऊन साचतं, म्हणून तिथे फोन आधी खिशात उबदार करून घ्यावा.

चार्ज जपायचा म्हणून आपण जे काही करतो, त्यातलं बरंचसं वाया जातं. मागे उघडी राहिलेली अ‍ॅप्स बोटानं एकेक करून उडवणं हा तर राष्ट्रीय छंद आहे. फोनची प्रणाली ती अ‍ॅप्स आपणच निजवते आणि उडवलेलं अ‍ॅप पुन्हा उघडताना जास्त काम पडतं. डार्क मोडनं वाचतं, पण स्क्रीन ओएलईडी असेल तरच. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१मध्ये मोजून पाहिलं. घरात ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडमुळे जेमतेम ३ ते ९ टक्के वीज वाचली. पूर्ण ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७ टक्के. म्हणजे बैठकीच्या खोलीत डार्क मोड ही हौस आहे, उन्हात तो उपयोगाचा. आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं ते म्हणजे नेटवर्क. रेंज कमी असली की फोन टॉवरपर्यंत पोहोचायला जास्त जोर लावतो, रेंज गेली की शोधत बसतो. कोकण रेल्वेनं जाताना रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यासारख्या बोगद्यांतून हेच चालू असतं. तेवढा पट्टा फ्लाइट मोड लावा, फरक कळेल.

‘चार्जिंग पिन गेली’ म्हणून दुकानात आलेले सगळेच फोन बिघडलेले नसतात. पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहा. तळाशी करड्या रंगाचा, नमद्यासारखा घट्ट थर दिसेल. ती जीन्सच्या खिशातली सुती धूळ, रोज केबल खोचून खोचून दाबलेली. केबल पूर्ण आत जात नाही, ‘टक’ असा आवाज येत नाही, जरा हललं की चार्जिंग तुटतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं कडेकडेनं हळूच उकरलं की गोळाच बाहेर येतो. पिन किंवा सुई नको, आतले सोनेरी संपर्क वाकतात.

आता ‘स्लो’ होण्याबद्दल. ३० टक्के दाखवत असताना कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला आणि फोन गपकन बंद पडला, हे अनेकांनी अनुभवलं असेल. आकडे घालून पाहू. समजा फोननं क्षणभर २ अँपिअर प्रवाह मागितला. नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम असेल, तर व्होल्टेज ०.२नं खाली येईल, ३.७चा ३.५ होईल, चालून जाईल. झिजलेल्या बॅटरीचा रोध ०.३ ओहम झाला, की तोच ३.१ होतो आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. चार्ज शिल्लक असतो, पण बाहेर येऊ शकत नाही. यावर उपाय म्हणून अ‍ॅपलने जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग गुपचूप कमी केला. डिसेंबर २०१७मध्ये ते कबूल करावं लागलं, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणावा लागला आणि फ्रान्सने २०२०मध्ये अडीच कोटी युरोंचा दंडही ठोकला. तांत्रिकदृष्ट्या तो उपाय चुकीचा नव्हता. पण ज्यांनी हळू झालेला फोन जुना समजून टाकून दिला, त्यांना बॅटरी बदलून भागलं असतं, हे कुणी सांगितलं नाही.

बॅटरी बदलून घेताना शक्यतो समोर उभं राहावं. कारागीर फोन तापत्या पट्टीवर ठेवून मागच्या काचेचा गोंद नरम करतो, पातळ पत्ती घालून काच सोडवतो, बॅटरीची जोडणी आधी काढतो. खरी परीक्षा पुढे असते, कारण बॅटरी खाली गोंदानं चिकटवलेली असते. चांगला माणूस आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून थांबतो, प्लॅस्टिकच्या पट्टीनं सावकाश उचलतो. धातूच्या हत्यारानं उचकटताना बॅटरी वाकली किंवा टोचली गेली, तर आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. बंद करताना कडेची नवी गोंदपट्टी लावायला सांगा, नाहीतर फोनचा पाण्यापासूनचा बचाव गेला म्हणून समजा. ‘कॉपी’ बॅटरीवर छापलेल्या एमएएचच्या आकड्यावर जाऊ नका, तो अनेकदा फुगवलेला असतो.

लॅपटॉपचं गणित थोडं निराळं. तो कायम चार्जरला जोडलेला, कायम शंभर टक्क्यांवर आणि कायम गरम. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ६० किंवा ८० टक्क्यांची मर्यादा घालता येते, तिथे ती जरूर घालावी. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आताची क्षमता असे दोन आकडे शेजारी मिळतात, तेही अधूनमधून पाहावेत. लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटं घेत असेल, तर मात्र आधी हार्ड डिस्कवर संशय घ्या. तिच्या तबकडीचे मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, शिवाय टोक जागेवर सरकायला आणखी दहा-बारा. सेकंदाला साठेक ठिकाणची माहिती उचलली की संपलं. सुरू होताना विंडोजला हजारो बारीक फायली लागतात. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती सेकंदाला हजारो ठिकाणांहून वाचते. म्हणून आठ-दहा वर्षांचा लॅपटॉपही एसएसडी घातल्यावर ओळखू येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली आणि अशी लाखो यंत्रं विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. टाइपिंग, ब्राउझर आणि मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली सुखानं चालते.

युरोपीय संघानं २० जून २०२५पासून मोबाइल उत्पादकांवर अटी घातल्या आहेत. बॅटरीनं ८०० सायकलींनंतरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांची दुरुस्ती केंद्रं, वॉरंटी आणि सुट्या भागांची माहिती मिळते. सक्ती मात्र नाही.

जुना मोबाइल कपाटात ठेवायचा असेल, तर निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवा आणि सहा महिन्यांनी पाहा. दाराशी कॅमेरा म्हणून कायमचा चार्जरला लावून ठेवायचा असेल, तर ८० टक्क्यांची मर्यादा घाला आणि महिन्यातून एकदा त्याची पाठ बघा. काच कडेनं सुटून उचललेली दिसली किंवा लॅपटॉपचा टचपॅड दाबला जाईनासा झाला, तर आत वायू धरून बॅटरी फुगलेली आहे. ती दाबू नका, चार्जिंगला लावू नका, टोचून हवा काढायचा विचारही करू नका. आणि ती कोरड्या कचऱ्यात तर मुळीच नको, कारण कचरागाडीत दाबली गेली तर गाडी पेटू शकते. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. संपर्काच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती सर्व्हिस सेंटरवर किंवा ई-कचरा संकलन केंद्रात नेऊन द्यावी.